पहिली बैठक आणि बारावी

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणजे रोगी बरा झाला, असे शिरोळ तालुक्यातली कोणतीही आशाताई म्हणणार नाही. खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागते, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. खोकला थांबतो, अन्नाला चव येते, माणूस ऊसतोडीला नाहीतर सूतगिरणीत कामाला जायला लागतो आणि गोळ्यांचे पाकीट फळीवर तसेच पडून राहते. म्हणून क्षयरोगाच्या कार्यक्रमात किती जणांना औषध सुरू केले याच्याइतकेच किती जणांचे औषध पूर्ण झाले हेही मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आणखी एक लहानसा पण शहाणपणाचा बदल केला. मध्येच औषध सोडणाऱ्याला तोवर ‘डिफॉल्टर’ म्हणत, म्हणजे जवळजवळ कर्जबुडव्याच. तो शब्द काढून ‘संपर्क तुटलेला’ या अर्थाचा शब्द आला. कर्ज एकच माणूस बुडवतो, संपर्क मात्र दोन्ही बाजूंनी तुटतो. मनाच्या आजारांत, त्यातही लढाईवरून आलेल्या माणसाच्या मनाच्या आजारात, आपण हा धडा अजून घेतलेला नाही. ‘मदत मागायला लाजू नका’ असे फलक दर 10 ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, लागतात. एखादा माजी सैनिक धीर करून मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात गेला की गड सर झाला असे आपण धरून चालतो. पण ज्या उपचाराने त्याला बरे वाटण्याची सर्वात जास्त शक्यता असते त्याला आठ-दहा-बारा बैठका लागतात, आणि पहिल्या बैठकीला आलेल्यांपैकी किती जण शेवटच्या बैठकीला होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तो विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर सैनिकाच्या मनोबलात शोधण्याऐवजी उपचाराच्या मांडणीत शोधले पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

जयसिंगपुरात बसून हा विचार करण्याला कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले, चौकटीतल्या गल्ल्यांचे हे गाव व्यापारपेठेचे. पण त्याच्या भोवतालचा मुलूख शेतकऱ्यांइतकाच सैनिकांचाही आहे. याच शिरोळ तालुक्यात कर्नाटकाच्या सीमेच्या अंगाला टाकळी आहे. घरटी सैन्यात माणूस देण्याच्या परंपरेमुळे तिचे नावच ‘सैनिक टाकळी’ झाले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीचीही तीच गोष्ट. त्या एका गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पोरगा विशी गाठतो न गाठतो तोच भरती होतो, पंधरा-सतरा वर्षे काश्मीर, ईशान्य भारत, सियाचिन अशा ठिकाणी काढतो आणि चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनवर परततो. गाव त्याला ‘मेजर’ म्हणते, मग तो नाईक म्हणून निवृत्त झालेला असो की हवालदार म्हणून. इथला माजी सैनिक म्हणजे पदके लावून ध्वजवंदनाला बसलेले आजोबाच नव्हेत. तो बहुधा शाळकरी मुलांचा बाप असतो, दोन एकर ऊस लावून शिवाय बँकेच्या किंवा कारखान्याच्या गेटवर बारा तास ड्युटी करतो. उपचार त्याच्या आयुष्यात बसवायचा तर या बारा तासांच्या उरल्यासुरल्या फटीतच बसवावा लागेल.

युद्धाने मन मोडते, ही बातमीही इथे नवी नाही. तिला नाव नव्हते इतकेच. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असे 147 दिवस मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. घोड्याचे मांस खायचे की नाही, हा प्रश्न त्या वेढ्यात हिंदी शिपायांपुढे धर्मसंकट म्हणून उभा राहिला. अखेर सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली आणि पुढच्या वाळवंटातल्या पायपिटीत व कैदेत कित्येक हजार मेले. जयसिंगपूरची आखणी होत होती तो हाच काळ. त्याच सुमारास, 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरचा ‘शेल शॉक’वरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि युरोपात त्यावर वाद सुरू झाला. कृष्णाकाठी त्या वादाचा आवाज येण्याचे कारण नव्हते. इथे शब्द होता ‘धसका’, आणि त्यावर उपाय होता अंगारा, नवस, नाहीतर गप्प राहणे. पुढे व्हिएतनामच्या युद्धानंतर, 1980 मध्ये, अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या वर्गीकरणात या अवस्थेला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे नाव दिले. मराठीत आघातोत्तर तणावविकार म्हणतात. ‘धसका’ हा शब्द तेवढा नेमका नाही, पण एका बाबतीत तो जास्त खरा आहे: धसका बसतो, आणि बसला की उठत नाही.

तो का उठत नाही, हे कळले तर उपचार लांब का असतो हेही कळते. भयंकर प्रसंगानंतर झोप उडणे, प्रसंग डोळ्यांपुढे येणे, आवाजाला दचकणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते काही आठवड्यांत ओसरते. ज्यांचे ओसरत नाही त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: टाळणे. आठवण आली की विषय बदलणे, गर्दीत गेले की छाती धडधडते म्हणून बाजाराला न जाणे, दिवाळीत फटाके वाजू लागले की शेतातल्या खोपीत जाऊन बसणे, मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या दिवसात गाव सोडून पाहुण्यांकडे जाणे. प्रत्येक वेळी टाळले की तेवढ्यापुरते बरे वाटते. आणि बरे वाटते म्हणूनच मेंदू धडा घेतो की टाळले म्हणून वाचलो. खरे तर बाजारात काहीच घडणार नव्हते, पण ते कळण्याइतका वेळ माणूस तिथे थांबलेलाच नसतो. आजाराला खतपाणी मिळते ते इथे. जोडीला अपराधाचा भाव असतो: ‘मी त्या वाटेने नेले म्हणून तो गेला’, ‘माझी पाळी त्याने घेतली’. हे वाक्य मनात इतक्या वेळा फिरलेले असते की ते एक मत आहे हेच माणूस विसरतो. त्याला ती वस्तुस्थिती वाटू लागते.

उपचार या दोन गाठींवर काम करतात. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या ‘प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर’ पद्धतीत साधारण आठ ते पंधरा बैठका असतात, प्रत्येक सुमारे दीड तासाची. त्यांत माणूस तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतो आहे असा, पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचे रेकॉर्डिंग घरी ऐकतो आणि टाळलेल्या पण निर्धोक जागी हळूहळू जायला लागतो. पॅट्रिशिया रेसिक यांच्या ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’त बारा बैठका असतात. तिथे भर असतो तो त्या अडकलेल्या वाक्यावर: पुरावा काय, त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होते, आणि आज जे माहीत आहे ते त्या दिवशीच्या तुमच्यावर तुम्ही लादत आहात का. तिसरी पद्धत डोळ्यांच्या हालचालींची, ईएमडीआर. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांनी 2023 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या आधी याच तीन पद्धतींची शिफारस आहे. पण या बैठकांचा क्रम बघा. पहिल्या एक-दोन बैठका ओळख, माहिती आणि तयारीत जातात. प्रसंग मोठ्याने सांगण्याची वेळ साधारण तिसऱ्या बैठकीला येते; अडकलेल्या वाक्याशी खरी झटापट त्याच्याही पुढे. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर जो थांबला त्याने उपचार करून पाहिला आणि गुण आला नाही असे म्हणता येत नाही. त्याने रान नांगरले, सऱ्या सोडल्या आणि लावण करायच्या दिवशी तो घरी गेला. त्याच्या पदरी फक्त कष्टाचा भाग पडला, आणि ‘आपल्याला याचा उपयोग नाही’ हा समज घेऊन तो परतला. हा समज त्याच्यापाशीच राहत नाही. पलटणीतल्या दहा जणांत पोचतो.

आता आकडे. ते बहुतांशी अमेरिकेचे आहेत, कारण एवढा हिशेब ठेवणारी व्यवस्था तिथेच आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या, पीटीएसडीचे निदान झालेल्या अडीच लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या 2001 ते 2015 या काळातल्या नोंदी शिरा मॅग्वेन आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. वर सांगितलेल्या पहिल्या दोन पद्धतींपैकी एखादी सुरू केली अशांचे प्रमाण शंभरात तेवीसच्या आसपास निघाले आणि ती पुरी केली अशांचे शंभरात नऊ. सुरू करणाऱ्या दर पाचांपैकी तीन मध्येच बाहेर पडले. सरकारी रुग्णालयांचे देशभर जाळे, हजारो प्रशिक्षित उपचारक, त्यासाठी वेगळे राष्ट्रीय केंद्र, हे सगळे असताना ही स्थिती. पॉला श्नर यांच्या 2022 च्या अभ्यासात 916 माजी सैनिकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन पद्धतींत वाटले होते. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमधून सुमारे 56 टक्के आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंगमधून सुमारे 47 टक्के गळले. हे तर प्रयोगातले रुग्ण, ज्यांच्यामागे फोन करून आठवण करून देणारी माणसे होती. काही नोंदींत न आलेले उपचार सैनिकांनी घेतले असतील, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की सुरुवात आणि शेवट या दोन वेगळ्या अडचणी आहेत. सुरुवातीची अडचण लाज, अज्ञान आणि अंतर यांची असते. शेवटची अडचण बरीच वेगळी आहे आणि तिच्यावर फलक लावून भागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. हे सारे अमेरिकी दुखणे आहे. आपला जवान एकत्र कुटुंबात, देवाधर्मात, पलटणीच्या भाईबंदकीत वाढलेला, त्याला असले काही होत नाही, असे सैन्यातलेही कित्येक जाणते लोक मानतात. भारतीय सैन्यात पीटीएसडीचे प्रमाण पाश्चात्त्य सैन्यांपेक्षा कमी नोंदले जाते हे खरे आहे. पलटण वर्षानुवर्षे एकत्र राहते, बाप, काका, भाऊ त्याच रेजिमेंटचे असतात. याचा आधार खोटा नाही. पण नोंद कमी होण्याची दुसरीही कारणे डोळ्यांसमोर आहेत. सैन्याच्या वैद्यकीय श्रेणीचे नाव ‘शेप’. इंग्रजीतल्या पाच अक्षरांपैकी पहिले अक्षरच मनःस्थितीचे; पाचही ठीक असतील तर जवान ‘शेप-वन’. पहिल्या अक्षरापुढचा आकडा बदलला की बढती, कोर्स, चांगली पोस्टिंग यांवर सावट येते, हे प्रत्येक जवान जाणतो. मग रात्री झोप येत नाही हे तो डॉक्टरांना का सांगेल? पाठदुखी सांगेल, पित्त सांगेल. ही सवय पेन्शनीत घरी आल्यावर आपोआप सुटत नाही. उलट इथे नवी भीती असते: गेटवरची नोकरी बंदुकीच्या परवान्यावर अवलंबून असेल तर मानसोपचाराचा कागद घरात ठेवायचा कसा? आणि ही झाकपाक अमेरिकेतही होतीच. चार्ल्स होग यांच्या 2004 च्या प्रसिद्ध पाहणीत ज्या सैनिकांत मनोविकाराची लक्षणे ठळक होती त्यांच्यापैकी फक्त 23 ते 40 टक्क्यांनी मदत घेतली होती, आणि नाव खराब होण्याची भीती सर्वात जास्त त्यांनाच होती. तेव्हा ‘आपल्याकडे नाही’ याचा अर्थ ‘आपल्याकडे सांगत नाहीत’ असाही असू शकतो. किती ‘नाही’ आणि किती ‘सांगत नाहीत’ यावर वाद होऊ शकेल. पण ज्याला आहे त्याला उपचार पुरा मिळावा, यासाठी तो वाद मिटण्याची वाट पाहायची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. ‘कशाला उकरून काढताय?’ घरची माणसे, शेजारी, कधी कधी डॉक्टरसुद्धा हेच म्हणतात. जखमेवर खपली धरली आहे तर ती काढायची का? या प्रश्नात माया आहे, आणि थोडे तथ्यही. प्रसंग पुन्हा सांगायला लागले की सुरुवातीच्या काही दिवसांत काही जणांची स्वप्ने, चिडचिड वाढते. फोआ यांच्याच गटाने 2002 मध्ये हे तपासले: लक्षणे तात्पुरती वाढलेले रुग्ण थोडे होते, ते इतरांपेक्षा जास्त गळले नाहीत आणि त्यांना गुणही कमी आला नाही. अवघड आठवडा ही उपचार बिघडल्याची खूण नव्हे, हे माणसाला आधीच सांगून ठेवले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते त्याच्या बायकोला, आईला सांगितले पाहिजे. कारण तिसऱ्या बैठकीनंतर तो रात्री दोनला अंगणात येरझाऱ्या घालत असतो तेव्हा जागी असते ती बायको. ‘असू दे, नका जाऊ तिकडे परत’ हे वाक्य ती त्याच्या कळवळ्यानेच बोलते, आणि उपचार त्या वाक्याशी संपतो. लॉरा माइस यांच्या 2019 च्या अमेरिकी अभ्यासात हाच धागा सापडला: घरच्या जवळच्या माणसाने त्रासाला सामोरे जायला उत्तेजन दिले तर माजी सैनिक उपचारात टिकण्याची शक्यता दुपटीहून जास्त. व्यक्तिवादी म्हणून आपण ज्या समाजाला नावे ठेवतो तिथे घरच्यांचे वजन एवढे. मग आपल्याकडे किती असेल! तरीही आपल्या ओपीडीत नवरा आत आणि बायको बाहेर बाकावर, असेच चित्र असते. तिला आत बोलावून पाऊण तास दिला तर तो सगळ्या उपचारातला सर्वात फळणारा पाऊण तास ठरू शकेल, असे मला वाटते. अर्थात त्याने काय पाहिले ते तिला सांगायची गरज नाही. पुढचे दोन महिने कसे जातील तेवढे सांगायचे.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या आतला आहे. बैठका पुऱ्या केल्या तरी सगळे बरे होतात कुठे? मारिया स्टीनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये सैनिकांवरच्या 36 प्रयोगांचा आढावा घेतला. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग या दोन पद्धतींनी 49 ते 70 टक्के सैनिकांत जाणवण्याजोगी सुधारणा झाली, पण सुमारे दोन तृतीयांश जणांचे निदान उपचारानंतरही कायम राहिले. सैनिकाचा आघात नागरी आघातापेक्षा चिवट असतो: तो एकदाच होत नाही, त्यात मारणेही असते आणि मेलेल्या मित्राचे देणेही असते. शिवाय मध्येच सोडणाऱ्यांतले काही जण बरे वाटले म्हणून सोडतात, असेही अभ्यास सांगतात. त्यांना गळती म्हणणे चूकच. क्षयाची उपमा इथे लंगडी पडते. अर्धवट गोळ्यांनी जंतू निर्ढावतो, अर्धवट मानसोपचाराने तसले काही होत नाही. पण यातून उपचार पुरा करायला नको असे ठरत नाही. ठरते ते हे की ‘पुरा’ म्हणजे किती, हे आकड्याने बांधू नये. सहाव्या बैठकीला लक्षणे उतरली आणि दोघांनी बसून ठरवले की आता पुरे, तर उपचार पुरा झाला. बारावीलाही नाही उतरली तर पंधरावीपर्यंत जावे किंवा पद्धत बदलावी. थांबणे ठरवून असावे, फोन न उचलण्यातून नसावे. आणि निदान कायम राहूनही माणूस रात्री पाच तास झोपू लागला, पोराच्या शाळेच्या संमेलनाला शेवटपर्यंत बसू लागला, तर त्याच्या घराला तो बदल लहान वाटणार नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिनसारखी औषधे उपयोगी आहेत आणि जिथे दुसरे काही नाही तिथे तीच द्यावीत. त्यांना कमी लेखण्यात अर्थ नाही. झोपेच्या, म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या या आजारात देऊ नयेत असे मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, तरी पाच मिनिटांच्या ओपीडीत त्याच सर्वात सोप्या पडतात. दारूचेही तसेच. कॅन्टीनची बाटली हे कित्येकांचे स्वतःच शोधलेले झोपेचे औषध असते. ‘आधी दारू सोड, मग ये’ हा दवाखान्यातला ठरावीक सल्ला. पण ऑस्ट्रेलियातल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यसन आणि आघात यांवर एकत्र उपचार केले तर व्यसन वाढले नाही आणि आघाताची लक्षणे जास्त उतरली. ज्या धसक्यामुळे पितो तो धसका राहू द्यायचा आणि पिणे थांबवायला सांगायचे, हा हिशेब तसाही उलटाच.

आपल्याकडे हे करणार कोण, हा खरा प्रश्न. लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात बारा-बारा बैठका हे चैनीचे बोलणे वाटेल. पण पुरावा वेगळा आहे, आणि तो आपल्याच अंगणातला आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्याच्या 30 गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने गावातलेच कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. म्हणजे सुरुवातीची अडचण सुटू शकते. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून तीव्र नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. तो परिणामकारक ठरला आणि बहुतेकांनी तो पुरा केला. नैराश्य आणि आघात एक नव्हेत, हे खरे. पण काँगोच्या पूर्व भागात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना जी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी दिली ती आघातावरचीच. देणाऱ्या बायका फार शिकलेल्या नव्हत्या, घेणाऱ्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या आणि बाहेर युद्ध चालूच होते. 2013 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा ‘हे आमच्याकडे जमणार नाही’ म्हणण्याची बरीच सोय संपली. आपल्याकडे तर निवृत्त सुभेदार आहेत. तरुण जवानाच्या घरगुती अडचणी ऐकून घेण्यात त्यांची वीस-वीस वर्षे गेलेली असतात. त्यांना प्रशिक्षण दिले आणि वर एखादा मानसशास्त्रज्ञ देखरेखीला ठेवला, तर मेजरच्या घरी जाऊन ‘काय, गेल्या मंगळवारी आला नाहीस?’ असे विचारण्याचा त्यांच्याइतका अधिकार कोणाला असेल?

यंत्रणा अगदीच नाही असेही नाही. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे आणि तिचे पॉलिक्लिनिक कोल्हापुरात आहे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. केंद्राची ‘टेली मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर आहे, आणि 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. पण ही सगळी दारे आहेत. दारातून आत गेल्यावर बारा आठवडे तोच माणूस समोर बसेल याची हमी दुसरीकडूनच यायला हवी. फोनवर दर वेळी नवा आवाज असेल तर तो प्रसंग दर वेळी पहिल्यापासून सांगावा लागतो, आणि पाचव्यांदा ते कोणीच सांगत नाही. व्हिडिओवरून दिलेला उपचार समोरासमोरच्या उपचाराइतकाच गुणकारी ठरल्याचे प्रयोग आहेत. मात्र त्यात उपचारक ठरलेला असतो. आणखी एक गाठ पुढे आहे. अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना ना पेन्शन, ना ईसीएचएस. सैनिक टाकळीत 2027 मध्ये घरी आलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा कागदोपत्री माजी सैनिकही नसेल. त्याचा धसका मात्र कागद बघून येणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि मला तो सर्वात जास्त सोडवण्याजोगा वाटतो. सीमेलगतच्या गावातून कोल्हापूरला जाऊन यायचे तर पन्नास मिनिटांच्या बैठकीला दिवस जातो. बारा बैठका म्हणजे बारा खाडे. गेटवरचा मुकादम चौथ्या खाड्यालाच दुसरा माणूस बघतो. त्याला मनोबलाची कमतरता म्हणायचे असेल तर म्हणावे. यावर दोन वाटा संशोधनाने खुल्या केल्या आहेत. डेनिस स्लोन यांच्या 2018 च्या प्रयोगात प्रसंगाबद्दल फक्त पाच बैठकांत लिहून काढण्याची पद्धत बारा बैठकांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंगपेक्षा कमी पडली नाही. पाचातून गळाले सुमारे 6 टक्के, बारातून 40. आणि त्याच वर्षी फोआ यांनी अमेरिकी सैनिकांवर दाखवले की प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरच्या दहा बैठका आठ आठवड्यांवर पसरण्याऐवजी सलग दोन आठवड्यांत, रोज एक अशा घेतल्या तरी परिणाम कमी होत नाही. शिरोळ तालुक्याच्या दिनदर्शिकेला हे नेमके बसते. इथला बारा आठवड्यांचा कोणताही उपचार कशात ना कशात अडकतो: दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचे गाळप सुरू होते ते मार्चपर्यंत चालते, त्या काळात ऊस तोडून जाईपर्यंत शेतकरी फडाजवळून हलत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पाणी आले की, 2019 आणि 2021 मध्ये झाले तसे, नृसिंहवाडी-कुरुंदवाडकडचे रस्तेच बंद होतात. मधला एप्रिल-मे मोकळा. शाळेला सुट्टी, शेतात काम कमी, गेटवर बदली माणूस मिळतो. मिरजेत किंवा कोल्हापुरात पाहुण्यांकडे पंधरा दिवस मुक्काम टाकायला कोणाला कारणही सांगावे लागत नाही. रोज सकाळी एक बैठक, दुपारी घरचा अभ्यास म्हणून रेकॉर्डिंग ऐकणे, संध्याकाळी बायकोबरोबर गर्दीच्या मंडईत एक फेरी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दहावी बैठक झाली की माणूस गावी परततो, कारण आडसाली लावणीसाठी रान तयार करायचे असते.